हिरव्या रंगाखालचं सागवान

१२ जानेवारी, रविवार

आलो बाई एकदाचे! साडेनऊला टेम्पो ठाण्याला कोपरीत शिरला आणि अकराच्या आत सगळं सामान दुसऱ्या मजल्यावर. सामान तरी किती! आईचं लोखंडी कपाट, दोन पलंग, फ्रिज, माझी पुस्तकं आणि लोणच्याच्या बरण्यांचा एक खोका, ज्याला आईनं हमालांना हातच लावू दिला नाही. तो तिनं स्वतः कडेवर घेऊन वर आणला. वय वर्षं बहात्तर.

डोंबिवलीची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नवीन घर मिळेपर्यंत तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आहेत. मीही गेल्या वर्षी नवऱ्यापासून वेगळी झाले, तेव्हा म्हटलं, आई आणि मी एकत्रच राहू. माझं ऑफिस घोडबंदर रोडला, तेही आठवड्यातून दोनच दिवस. जागा जुनी आहे पण हवेशीर. हॉलला लागून लांबलचक गॅलरी, खाली बदामाचं झाड. आईला स्वयंपाकघराची खिडकी आवडली, मला गॅलरी. भांडण नाही.

आधीचे भाडेकरू गॅलरीत एक टेबल सोडून गेलेत. घरमालक फोनवर म्हणाले, नको असेल तर भंगारवाल्याला द्या. हिरवा ऑइलपेंट फासलेलं, चार जाड पाय, मधोमध एक खण. आईनं टिचकी मारून आवाज ऐकला आणि जाहीर केलं की हे सागवान आहे, भंगारात जाणार नाही.

नवीन घर, म्हणून नवीन वही. रोज लिहायचं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

१४ जानेवारी, मंगळवार

समोरच्या दारातली दर्शना तिळगूळ घेऊन आली. माझ्याच वयाची, बोलकी. टेबल पाहून म्हणाली की ह्या घरात आधी राहणाऱ्या आजी दिवसभर ह्याच टेबलापाशी बसलेल्या असायच्या. त्या दिवाळीनंतर गेल्या, चांगल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होऊन. मग सून आणि मुलगा डोंबिवलीला राहायला गेले.

दुपारी आई आणि मी टेबल उचलून गॅलरीच्या उजेडाच्या बाजूला आणलं. आईनं खालून फळीला हात घातला होता. तळहातात लाकडाची कूस गेली, चांगलं रक्त आलं. सुईनं काढायचा प्रयत्न केला पण ती आत मोडली. हळद लावली. फळीवर पडलेलं रक्त पुसायला फडकं घेऊन गेले तर डाग नव्हताच. लाकडानं पिऊन टाकलं असावं, तिथे खाली रंग नाही म्हणून.

कोपऱ्यावर हिरव्याचा टवका उडालाय. खाली निळा, त्याच्याखाली पांढरा. मी संध्याकाळी तीन व्हिडिओ बघितले. ठरलं! सगळा रंग काढायचा आणि लाकूड मोकळं करून पॉलिश करायचं. आई शब्दकोडं सोडवायला त्याच्यापाशी बसणार आणि मी लॅपटॉप घेऊन समोर.

१८ जानेवारी, शनिवार

आज मुहूर्त केला. रंगाचा रिमूव्हर, लांबी म्हणजे पुट्टी भरायची पत्री, पॉलिश पेपर चार नंबरांचे, रबरी हातमोजे, मास्क. दुकानदारानं बजावलं की रिमूव्हर बंद खोलीत वापरायचा नाही आणि अंगावर पडू द्यायचा नाही. गॅलरी उघडी आहे, त्यामुळे प्रश्न नव्हता.

करायची पद्धत सोपी आहे. ब्रशनं रिमूव्हरचा जाड थर द्यायचा, एकाच दिशेनं, मागेपुढे घासायचं नाही. वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग रंग फुगतो, त्याच्यावर पापडासारखे फोड येतात, आणि पत्री जवळजवळ आडवी धरून ढकलली की सालपट निघतं. इतकं समाधान मिळतं की काय सांगू! हिरवा गेला, निळा गेला. पांढरा चिवट होता, दोनदा लावावा लागला. संध्याकाळपर्यंत वरची फळी मोकळी झाली.

आईची पाठ आज दिवसभर खाजत होती. मी पावडर लावून दिली. पाठ लालबुंद. म्हणाली, “माझाही रंग काढायला घेतलास की काय?”

१९ जानेवारी, रविवार

घासकाम. आधी ऐंशी नंबरचा कागद, मग एकशे वीस. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा म्हणजे दाब सारखा पडतो. लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच घासायचं, आडवं घासलं तर ओरखडे पडतात आणि पॉलिशनंतर उठून दिसतात. दोन तासांत काय लाकूड निघालंय! मधासारखा रंग, मधून एक काळसर रेघ सरळ खालपर्यंत गेलेली. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

आईला मात्र बरं नाही. सकाळी मी काम करत होते तेव्हा ती आत पडून होती. दुपारी ब्लाउज पाठीला चिकटला म्हणून मला हाक मारली. सोलवटल्यासारखी पाठ. वरची कातडी गेलेली आणि खालून पाणी सुटलेलं. मी रिक्षा करून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात कसलं केमिकल वापरलंत? मी सांगितलं. त्यांनी मलम दिलं आणि काम काही दिवस थांबवायला सांगितलं.

फार वाईट वाटलं. माझी हौस आणि त्रास तिला.

२३ जानेवारी, गुरुवार

पाठ सुकतेय. आईचा खोकला मात्र जात नाही आणि आवाज बसलाय. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती ती. आवाज हा तिचा दागिना.

रिमूव्हरला हात लावत नाहीये, पण खण अडकतो तेवढा दुरुस्त केला. खण पूर्ण बाहेर काढला, सरकतो त्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासली, परत बसवला. आता एका बोटानं सरकतो.

गंमत म्हणजे मी हात धुऊन आले तर आई आत गुणगुणत होती. घसा एकदम मोकळा झाला म्हणे.

२५ जानेवारी, शनिवार

आई सकाळीच डोंबिवलीला मानपाड्याजवळ मावशीकडे गेली. म्हटलं, ती घरात नाही तोवर पाय घासून घेऊ, म्हणजे धूळ तिच्या नाकात जाणार नाही. पुढचा उजवा पाय घेतला. रंग कोरडाच खरवडला, मग कागद.

पावणेबाराला मावशीचा फोन. तुझ्या आईच्या हाताला काय झालंय, दंडापासून मनगटापर्यंत सालं निघतायत, तू लगेच ये.

मी गेले. रिक्षात मी स्वतःला समजावत होते की अॅलर्जी आहे, अंगात भिनलेली, कुठेही उठू शकते. पण मग तिचा उजवा हात बघितला. सालं सरळ लांब रेषेत निघाली होती. वरून खाली. मी कागद ओढला होता तशी.

२६ जानेवारी, रविवार

खाली सोसायटीत झेंडावंदनाची गाणी लागली होती. आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी गॅलरीत टेबलाखाली बसले आणि मागच्या उजव्या पायावर, आतल्या बाजूला, कागद फक्त तीनदा फिरवला.

आत भांडं पडलं.

मी इथूनच विचारलं, काय झालं? ती म्हणाली, पोटरीवरून कुणीतरी खरवडल्यासारखं झालं गं. कुठल्या? उजव्या.

मग नुसतं नख टेकवलं. मागच्या डाव्या पायाला, खालून चार बोटांवर.

“असू, मुंग्या झाल्यात का घरात? घोट्याला काहीतरी चावलं.”

मी कागद खिशात घातला. ठोकळा हातातून निसटला. तो टेबलाच्या पायावर आपटू नये म्हणून मी अंगावर झेलला.

२७ जानेवारी, सोमवार

आईला सांगितलं. लपवून काय करणार होते?

ती हसली नाही आणि घाबरलीही नाही. म्हणाली, ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नाही, तपासून बघू. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. मी गॅलरीत ओल्या बोटानं टेबलाला मला वाटेल तिथे स्पर्श करायचा आणि तिनं आतून मोठ्यानं सांगायचं. डावा खांदा. पाठीचा कणा, खाली. उजवा गुडघा. खणाच्या कडेला बोट लावलं तर म्हणाली, छातीत गार वाटलं.

अकरा वेळा केलं. अकराही बरोबर.

ती बाहेर आली, टेबलापासून लांब खुर्ची ओढून बसली. मग तळहात उघडून बघितला. कूस गेली होती ती जागा आता दिसतसुद्धा नाही. म्हणाली, “आता चहा कर. आणि साखर जरा जास्त टाक.”

२९ जानेवारी, बुधवार

ऑफिसला कळवलं, महिनाभर घरूनच काम करीन.

विचार केला, घासल्यानं लागतं तर माया केल्यानं बरंही वाटत असेल. मेणानं घसा मोकळा झालाच होता. अळशीचं तेल आणलं, जुन्या सुती साडीचा बोळा केला आणि वरच्या फळीला हलक्या हातानं तेल चोळलं, लहान मुलाला चोळतात तसं. आई पलंगावर बसून होती. तिचे डोळे मिटले. दहा-अकरा दिवसांत पहिल्यांदा ती उताणी झोपली.

मी रडले. पण आनंदानं. वाटलं, सापडला मार्ग.

३१ जानेवारी, शुक्रवार

लाकूड तेल पितंय. सकाळी लावलं की दुपारी कोरडं ठक्क. आईची कातडीही तशीच, ताणलेली, भेगाळलेली. आता दिवसातून पाच वेळा लावते. एक बाटली तीन दिवस पुरत नाही.

असं किती दिवस चालणार? लाकूड उघडं ठेवता येत नाही, हे पहिल्या व्हिडिओतच सांगितलं होतं. वर काहीतरी आवरण हवंच. आणि आवरण मीच काढलं.

२ फेब्रुवारी, रविवार

लाखेचं पॉलिश. चपडा म्हणजे लाखेचे पापुद्रे, ते स्पिरिटमध्ये विरघळवून, एकदम पातळ, एकच हात. आईला विचारून केलं. तिनं मान हलवली.

पहिली दहा मिनिटं चुरचुरलं, तेवढंच. मग पॉलिश सुकायला लागलं आणि तिला घाम येईना. अंग तापलं, चेहरा लाल, श्वास उथळ. म्हणाली, कुणीतरी प्लास्टिकमध्ये गुंडाळतंय. ताप एकशे चार.

ते काढायला स्पिरिटच लागतं. उघड्या लाकडावर स्पिरिट.

तिनं उशी तोंडात धरली. मी पुसत होते. वीस मिनिटं लागली. दर्शनानं बेल वाजवली, आवाज ऐकू आला म्हणाली. मी दार न उघडता सांगितलं की आईचं पोट दुखतंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरमालकांकडून पत्ता मिळवला आणि मानपाड्याला गेले, आधीच्या भाडेकरूंकडे. रुचिता नाव तिचं, पन्नाशीची. हसून दार उघडलं. मी टेबलाचं नाव काढलं आणि तिचं हसू गेलं. तिनं आधी एवढंच विचारलं, रंग काढला नाही ना?

मी म्हटलं, काढला.

ती तिथेच चपलांच्या स्टँडवर बसली.

टेबल तिच्या सासूबाईंचं, कलावतीबाईंचं. लग्नात आलेलं. त्यांचंही रक्त कधीतरी त्याला लागलं होतं, तरुणपणी. तेव्हापासून ते आणि त्या एकच. एकदा हलवताना त्याचा कोपरा दाराला आपटला तर बाईंचं खांद्याचं हाड मोडलं. म्हणून ते कधी हलवलं नाही, घासलं नाही. रंग उडायला लागला की वरून नुसता नवा चढवायचा, जुन्यावरच. काढायचा कधीच नाही. बाई स्वतःच करायच्या. त्या गेल्या आणि यांना वाटलं, संपलं. लाकूड आता नुसतं लाकूड.

मी म्हटलं, सांगायचं तरी. ती रडायला लागली. कुणाला सांगणार होतो ताई, आणि कोणी ऐकलं असतं? मी ऐकलं नसतं, हे खरंच आहे.

मी विचारलं, आता काय करू? तिला माहीत नव्हतं. उघडं लाकूड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आतलं बाहेर येऊ देऊ नका.

काय आतलं, ते तिलाही सांगता आलं नाही. सासूबाई म्हणायच्या, एवढंच. परत रंगच चढवावा, तर लाखेच्या एका हातानं काय झालं ते मी बघितलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गॅलरी झाडताना मागच्या डाव्या पायाशी पिवळसर पिठाची छोटी रास दिसली. मैद्यासारखं बारीक. पुसून घेतलं. अकराला परत तेवढीच.

पायाला भोकं आहेत. टाचणीच्या टोकाएवढी. सात.

आई डावा पाय ओढत चालतेय. बधिर झालाय म्हणते.

९ फेब्रुवारी, रविवार

दर्शनानं तिच्या ओळखीचे सुतार पाठवले, मधु मिस्त्री. साठीच्या आतले, कोकणातले, शांत माणूस. पायाला कान लावून ऐकलं. म्हणाले, “ताई, कीड आहे. जुनीच असणार. रंगाखाली कोंडून पडलेली, वरून हवा लागली तशी जागी झाली.”

उपाय विचारला. सिरिंजनं प्रत्येक भोकात औषध सोडायचं, मेणानं बुजवायचं, आठवड्यात साफ.

औषध म्हणजे काय? ते म्हणाले, विषच की.

मी म्हटलं, नंतर कळवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक्स-रे. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. डाव्या पायाच्या हाडात, घोट्याच्या वर, बारीक काळे ठिपके. चाळणीसारखे. वयानं हाडं ठिसूळ होतात, असं त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले. एकाच पायात का, ते मला सांगता येत नाही म्हणाले. पुढच्या तपासण्या लिहून दिल्या.

मी ठिपके मोजले. एकोणीस.

घरी येऊन टेबलाच्या पायाची भोकं मोजली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उन्हात ठेवलं, ऊन लागलं की कीड मरते म्हणून. आईला ताप चढला, ओढून परत सावलीत आणलं. कापराची पूड. कडुलिंबाचा पाला. काही नाही. मग फक्त एका भोकात, फक्त एक थेंब रॉकेल.

आईचे ओठ निळे पडले. अर्धा तास ओकत होती. पीठ तेवढ्यापुरतं थांबलं आणि मग दुसऱ्या भोकातून यायला लागलं.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मला झोप लागते का विचारलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक्केचाळीस. वर सरकतायत. पायाच्या अर्ध्यावर आलीत.

आई बसूनच असते. वजन उतरलंय. काल उचलून बाथरूमला नेलं तर मला जडच वाटलं नाही. पूर्वी हिला धरून रिक्षात बसवताना माझी कंबर धरायची.

कान लावला की ऐकू येतं. टेबलाला लावायची गरज नाही. तिच्या गुडघ्याला लावला तरी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आईनं मला समोर बसवलं. आवाज घोगरा होता पण शब्द स्वच्छ, एक्स्चेंजमधल्यासारखे.

“मधूला बोलाव. तो पाय काप म्हणावं आणि नवीन बसव.”

मी म्हटलं, आई, तो पाय म्हणजे तुझा पाय.

“मग काय, सगळी मी खाल्ली जाऊ? कीड पायात आहे तोवर कापायचं. फळीत गेली की काही करता येणार नाही. तूच सांगितलंस ना, फळी म्हणजे पाठ?”

मी नाही म्हटलं. ओरडलेच. मी केलं हे सगळं, माझी हौस, आता मीच करवतीनं— तिनं मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, “असू, टेबल मी ठेवायला लावलं. भंगारात जाऊ दिलं नाही मी. वाटून घेऊ, अर्धं अर्धं.”

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भोकं मोजली नाहीत. हिंमत नाही.

मधु मिस्त्रींना फोन केला. त्यांना काही सांगितलं नाही. फक्त पाय बदलायचाय म्हटलं. गुरुवारी सकाळी येतो म्हणाले. जुनं सागवान आहे त्यांच्याकडे, तसाच पाय उतरवून आणतील.

दर्शनाला थोडं सांगितलं. तिनं मला मिठी मारली. अॅम्ब्युलन्स खाली उभी करून ठेवीन म्हणाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खणाच्या पट्ट्यांना परत मेण लावलं. आईला दम लागत होता, थोडा कमी झाला. तेल लावलं. लावताना बोट फळीवर जरा दाबलं गेलं आणि— नाही. वाटलं असेल. लाकूड मऊ वाटलं.

आईला विचारलं, दुखलं का? म्हणाली, काहीच कळलं नाही.

काहीच कळलं नाही. सोमवारपर्यंत तिला ओलं बोटसुद्धा कळत होतं.

मधूला आजच बोलावू का? तीनदा फोन केला. दुसऱ्या साइटवर आहेत. उद्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळचे साडेदहा. मधु मिस्त्री आलेत. अॅम्ब्युलन्स खाली आहे, गॅलरीतून दिसतेय. दर्शना जिन्यात उभी आहे.

आई पलंगावर. तिनंच सांगितलं वही घे, लिहीत बस, हाताला काम असू दे. माझा डावा हात तिच्या हातात आहे. पायाखाली टॉवेल, चादरी, सगळं तयार ठेवलंय. दार उघडं आहे, मधूची पाठ दिसते.

करवत लावली.

एक ओढ. दोन. आईनं डोळे मिटलेत. दुखतंय? नाही म्हणते. रक्त नाही. काहीच नाही. थंड वाटतंय म्हणते, बरं वाटतंय.

देवा, हे जमेल. जमेल बहुतेक—

करवत थांबली. एवढ्यात? दोनच मिनिटं झाली. पाय निघाला म्हणतायत. इतक्या सहज निघायला नको होता.

मधु काहीतरी म्हणाले. नीट ऐकू आलं नाही. परत म्हणाले,

“ताई, ह्यात लाकूडच नाही. नुसती वरची कातडी राहिलीय. फळी पण तशीच, सगळी.”

आईनं ऐकलं. माझ्याकडे बघतेय. मी तिच्याकडे बघत नाहीये, लिहितेय.

ते विचारतायत, टेबल खाली टेकवू का. मी ओरडले, नको, ठेवू नका, हलवू नका, तसंच धरून उभे राहा. किती वेळ धरू म्हणतात, हाताखाली चुरा होतोय, धरलं तरी—

आई काहीतरी बोलतेय, आवाज येत नाही, फक्त ओठ—

मी तिचा हात दाबलेला नाही. नुसता धरलाय, शपथेवर सांगते, नुसता धरलाय, आणि माझ्या बोटांमधून काहीतरी बारीक, कोरडं—